कला हाच व्यवसाय : कसब, कागद आणि किंमत

(मंडळाच्या विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



मंडळाने मला 'कलाक्षेत्रातील स्वतंत्र व्यवसाय' हा विषय दिला आहे. मी वक्ता नाही. पुस्तकांची मुखपृष्ठे आणि आतली मांडणी करणे, हे माझे काम. गेली पंचवीसहून अधिक वर्षे मी हेच काम कोणाच्याही हजेरीपटावर नाव नसताना करीत आलो आणि त्यावरच घर चालवले. म्हणून आज उपदेश करण्यापेक्षा या धंद्याचे व्यवहार तुमच्यापुढे मांडावेत, असे मी ठरवले आहे.

स्वतंत्र व्यावसायिक म्हणजे कोण? ज्याला महिन्याचा पगार नाही, पण ज्याचे कसब वेगवेगळी गिऱ्हाइके कामापुरते विकत घेतात तो. मुखपृष्ठकार, बोधचित्रकार, अक्षरलेखक, छायाचित्रकार, अनुवादक, मुद्रितशोधक, गीतकार, पटकथाकार, डबिंगला आवाज देणारा, व्हिडिओचे संकलन करणारा, ॲनिमेशन करणारा, असे सारे यात येतात. आपल्या वस्त्यांतून असे हात आज पुष्कळ तयार होत आहेत. प्रश्न आहे तो या हातांचे पोट या कामावर भरेल का, हा.

पालकांची भीती

'मला चित्रकार व्हायचे आहे' असे मुलाने घरी सांगितले की आई-वडिलांचा चेहरा उतरतो. या भीतीला कोणी हसू नये. आपल्या आधीच्या पिढ्यांना गिरणी, रेल्वे, महानगरपालिका, टपाल खाते, सरकारी कचेरी इथल्या नोकरीने केवळ भाकरी दिली नाही. महिन्याच्या ठराविक तारखेला येणारा पगार, आजारपणाची रजा आणि निवृत्तीनंतरचे वेतन यांनी ताठ मानेने उभे राहण्याचे बळ दिले. त्या पायरीवरून आपल्या मुलाने खाली उतरू नये, असे त्यांना वाटणारच.

पण ती पायरी आता पूर्वीइतकी रुंद राहिलेली नाही. मुंबईच्या गिरण्या १९८२ च्या संपानंतर एकामागून एक बंद पडत गेल्या. पुष्कळ कामे कंत्राटावर गेली. कंत्राटी कामगारालाही वर्षअखेर नव्या कराराची वाट पाहावी लागते. तेव्हा 'सुरक्षित नोकरी की असुरक्षित कला' असा सरळ सामना आता उरलेला नाही. मुलगा कोणत्याही मार्गाने गेला तरी स्वतःची सुरक्षितता त्याला स्वतःच बांधावी लागणार आहे. ती कशी बांधायची, हे समजले तर कलेचा व्यवसाय हा जुगार राहत नाही.

बाबासाहेबांच्या चरित्राची ही बाजू आपण फारशी सांगत नाही. त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवले आहे की, परदेशातून परतल्यावर त्यांनी शेअरबाजाराविषयी सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला होता; सल्लागाराची जात कळताच गिऱ्हाइके येईनाशी झाली. पुढे १९२३ मध्ये त्यांनी वकिली सुरू केली, तीही नवल भथेना या मित्राच्या आर्थिक मदतीने. नव्या वकिलाकडे आपणहून कोण येणार? त्या काळात, १९२५ ते १९२८, ते बाटलीबॉय यांच्या अकौंटन्सी संस्थेत व्यापारी कायदा शिकवायला अर्धवेळ जात होते. एका हाताने स्वतंत्र व्यवसाय उभा करायचा आणि दुसऱ्या हाताने चूल पेटती ठेवायची, ही रीत त्यांनी स्वीकारली होती.

त्यातून पहिला नियम निघतो. उत्साहाच्या भरात हातची नोकरी सोडू नका. संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी कामे करा. पाच-सहा गिऱ्हाइके पुन्हा पुन्हा तुमच्याकडे येऊ लागली आणि सहा महिन्यांचा घरखर्च बँकेत साठला की मग निर्णय घ्या. ज्याच्या मागे वडिलांची इस्टेट आहे त्याने उडी मारली तर तो गादीवर पडतो. आपल्यापैकी बहुतेकांच्या खाली जमीन असते. म्हणून आपण उडी न मारता पायऱ्या चढाव्यात.

साधन बदलते, कसब राहते

मराठी माणसाला हा व्यवसाय नवा नाही. 'मासिक मनोरंजन'चा दिवाळी अंक १९०९ साली निघाला आणि पुढे दिवाळी अंकांची परंपराच सुरू झाली. त्या परंपरेने चित्रकार, व्यंगचित्रकार आणि लेखकांच्या पिढ्यांना काम दिले. मडगावला जन्मलेले दीनानाथ दलाल (१९१६-१९७१) मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, त्यांनी स्वतःचा स्टुडिओ काढला, असंख्य पुस्तकांना मुखपृष्ठे दिली आणि १९४५ पासून 'दीपावली' हा स्वतःचा अंकही काढला. केवळ दुसऱ्याच्या मागणीवर अवलंबून न राहता काहीतरी स्वतःच्या मालकीचे असावे, हे या चित्रकाराने दाखवून दिले.

या धंद्यात साधने मात्र सतत बदलतात. खिळे जुळवणारे कंपोझिटर गेले, डीटीपी आले. पाट्या आणि कापडी फलक रंगवणारे पेंटर गल्लोगल्ली होते; फ्लेक्सने त्यांचा धंदा बसवला. पण त्याच पेंटरांपैकी काहींना दोन अक्षरांमधले अंतर, वेलांटीचा झोक, लांबून काय वाचता येते आणि काय नाही, याची जाण होती. त्यांनी संगणक शिकून घेतला आणि ते उत्तम मांडणीकार झाले. ज्यांना केवळ ब्रश येत होता ते मागे पडले. ज्यांना अक्षर येत होते ते टिकले.

आज कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने मिनिटात चित्र काढून देतात. विद्यार्थी मला विचारतात, आता आमचे काय? मी कोणालाही खोटा दिलासा देणार नाही. साधी, कुठेही चालणारी चित्रे काढण्याची कामे कमी होत आहेत आणि आणखी होतील. पण संपादकाशी बोलून पुस्तकाचा आत्मा ओळखणे, जोडाक्षर आणि ऱ्हस्व-दीर्घ तपासणे, छपाईत रंग कसा उतरेल ते आधी जाणणे, चूक निघाली तर तिची जबाबदारी घेणे, ही माणसाचीच कामे आहेत. नवी साधने जरूर शिका. पण साधनाच्या खाली जे कसब असते ते पक्के करा.

ते पक्के करण्याची सुरुवात शाळेतच होते. कलासंचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा शाळेत असतानाच द्या. पुढे शक्य असेल तर १८५७ साली स्थापन झालेल्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टसारख्या संस्थेचा किंवा उपयोजित कलेच्या महाविद्यालयाचा प्रयत्न करा. ते जमले नाही तर छापखान्यात, छायाचित्रकाराच्या स्टुडिओत किंवा संकलकाच्या हाताखाली एक-दोन वर्षे काढा. भाषेत काम करणाऱ्यांनी युनिकोडबरोबरच जुने फॉन्टही समजून घ्यावेत. मराठीतला बराच मजकूर अजून जुन्या फॉन्टमध्ये पडून आहे आणि तो बिनचूक बदलून देणारी माणसे थोडी आहेत.

काम कसे मिळते

गिऱ्हाईक तुमची पदवी पाहत नाही, काम पाहते. म्हणून आपल्या कामांचा एक संच तयार ठेवा. त्यात पन्नास कामे नकोत, दहा-बाराच असावीत, पण प्रत्येक काम असे की ते दाखवताना मान खाली घालावी लागणार नाही. जे काम पुढे मिळावे असे वाटते, तेच संचात ठेवा. लग्नपत्रिका दाखवल्या तर लग्नपत्रिकाच येतील.

'पण मला अजून कामच मिळाले नाही, मी काय दाखवू?' असे नवा मुलगा म्हणतो. त्याने स्वतःच स्वतःला काम द्यावे. ग्रंथालयातले एखादे आवडते पुस्तक घ्या आणि त्याचे नवे मुखपृष्ठ करा. सरकारी दवाखान्यातली कोणाला न समजणारी सूचनांची पाटी पाहा आणि ती आजीलाही समजेल अशी पुन्हा मांडा. अनुवादकाने एखाद्या लेखाची चार पाने अनुवाद करून ठेवावीत. असे काम पाहणाऱ्याला तुमचा हात तर कळतोच, डोकेही कळते.

मग ओळखीतल्या छापखान्यात जा. पुस्तक, पत्रक, अहवाल, स्मरणिका, सारे तिथूनच जाते आणि 'कोणी मांडणी करणारा आहे का?' हा प्रश्न प्रथम छापखानेवाल्यालाच विचारला जातो. प्रकाशकांना, संस्थांना, छोट्या उद्योगांना चार ओळींचे पत्र किंवा ईमेल पाठवा. त्यात आपण काय करतो, कोणासाठी केले आणि नमुने कुठे पाहता येतील, एवढेच असावे. आठ दिवसांनी एकदा विनयाने आठवण करा. वीस पत्रांना एक उत्तर आले तरी निराश होऊ नका.

पहिले काम ओळखीने मिळते. दुसरे मात्र पहिल्या कामाच्या वेळेवर मिळते. आमच्या धंद्यात फार प्रतिभावान, पण शब्द न पाळणारे कलावंत मी मागे पडलेले पाहिले आहेत. बेताचेच कसब असलेले, पण सांगितल्या दिवशी काम हातात ठेवणारे कलावंत वर्षानुवर्षे टिकलेले पाहिले आहेत. उशीर होणार असेल तर तो होण्याआधी कळवा. गिऱ्हाईक वाट पाहील, पण त्याला अंधारात ठेवू नका.

किंमत कशी ठरवावी

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. आपल्या मुलांना काम येते, पण किंमत सांगताना जीभ अडखळते. समोरचा विचारतो, 'किती घेणार?' आणि आपला मुलगा म्हणतो, 'द्या काय द्यायचे ते.' हा विनय नाही. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या श्रमाची किंमत दुसऱ्यानेच ठरवली, त्यांची ती सवय आहे. ती मोडली पाहिजे आणि ती गणिताने मोडते.

एक उदाहरण घेऊ. समजा, तुमचा महिन्याचा घरखर्च २२,००० रुपये आहे. वीज, इंटरनेट, संगणकाची देखभाल, सॉफ्टवेअर, प्रवास यांचा धंद्याचा खर्च ६,००० रुपये. आजारपण आणि म्हातारपणासाठी बाजूला ठेवायचे ७,००० रुपये. एकूण झाले ३५,०००. महिन्यात तुम्ही २५ दिवस काम करता, पण त्यातले सगळे दिवस पैशाचे नसतात. गाठीभेटी, बिले, वसुलीचे फोन, नवे शिकणे यात बरेच दिवस जातात. प्रत्यक्ष पैसे मिळवून देणारे दिवस १४ धरा. ३५,००० भागिले १४ म्हणजे दिवसाला २,५०० रुपये. एका मुखपृष्ठाला तीन दिवस लागत असतील, तर त्याची किंमत ७,५०० रुपये झाली.

आता कोणी ३,००० रुपये देऊ केले तर काय करायचे? कधी घ्यावेही लागतील. सुरुवातीला आपण सारेच घेतो. पण उरलेले ४,५०० रुपये आपण पदरचे घालतो आहोत, हे माहीत असू द्या. तोटा माहीत असला म्हणजे तो कधी थांबवायचा हेही कळते. आकडा प्रत्येकाचा वेगळा निघेल. तुमचा आकडा आज रात्री कागदावर मांडा, एवढीच माझी विनंती आहे.

किंमत सांगताना चार गोष्टी बरोबरच सांगाव्यात. एक, एकूण रक्कम. दोन, सुरुवातीला निम्मी आगाऊ. तीन, दोन वेळा दुरुस्त्या याच रकमेत. त्यापुढच्या दुरुस्त्यांचे वेगळे पैसे. चार, उरलेली रक्कम मिळाल्यावरच छपाईची अंतिम फाइल. हे ऐकून जो पळून जातो, तो पुढे पैसे बुडवण्याचा संभव अधिक असतो. तो आधीच गेला, हे बरे.

कागदाचे बळ

बोलण्यात ठरलेले सारे लिहून घ्या. त्यासाठी दर वेळी स्टॅम्पपेपर लागत नाही. 'आज आपले ठरल्याप्रमाणे...' अशी सुरुवात करून काम, मुदत, रक्कम, दुरुस्त्या आणि हक्क एवढे एका ईमेलमध्ये लिहा आणि समोरच्याकडून 'मान्य' असे उत्तर घ्या. मैत्री कागदाने तुटत नाही. कागद नसल्याने तुटलेल्या मैत्र्या मात्र मी पाहिल्या आहेत. माझ्या उमेदवारीच्या काळात एका प्रकाशकाने माझे एक चित्र पुढच्या तीन पुस्तकांवर वापरले. मी विचारले तेव्हा तो म्हणाला, 'कुठे लिहिले आहे की एकाच पुस्तकासाठी होते?' त्या प्रश्नाने मला कायदा वाचायला लावला.

तो कायदा म्हणजे १९५७ चा कॉपीराइट कायदा. त्यातल्या चार-पाच गोष्टी प्रत्येक कलावंताने पाठ करून ठेवाव्यात. स्वतंत्रपणे लिहिलेल्या लेखनाचा, अनुवादाचा, गीताचा पहिला मालक लेखकच असतो. पण पैसे देऊन कोणी छायाचित्र काढून घेतले किंवा चित्र रंगवून घेतले, तर वेगळा करार नसल्यास पहिला मालक काम देणारा ठरतो. म्हणून चित्रकार आणि छायाचित्रकारांना लेखी कराराची गरज अधिक आहे. 'हे चित्र अमुक पुस्तकाच्या अमुक आवृत्तीपुरते. इतर हक्क चित्रकाराकडे' एवढे एक वाक्यही मोठे काम करते.

दुसरे, हक्क दुसऱ्याच्या नावे करून द्यायचा तर तो लेखी आणि सहीनिशीच द्यावा लागतो. त्या लेखात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षे धरतो. प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता धरतो. तिसरे, हक्क विकला तरी आपल्या कामाचा कर्ता म्हणून ओळखले जाण्याचा आणि नाव खराब होईल अशी कामाची मोडतोड झाल्यास हरकत घेण्याचा अधिकार कर्त्याकडे राहतो. चौथे, २०१२ च्या दुरुस्तीनंतर चित्रपटात किंवा ध्वनिमुद्रणात वापरलेल्या गीताच्या आणि संगीताच्या मानधनातला, म्हणजे रॉयल्टीतला, आपला वाटा गीतकाराला आणि संगीतकाराला कंपनीला लिहून देऊन टाकताच येत नाही. तो वारसांना किंवा हक्क सांभाळणाऱ्या संस्थेलाच देता येतो.

हे आपल्यासाठी केवळ कायद्याचे कलम नाही. आपल्याकडे शाहीर, कवी, कव्वाल यांची फार मोठी परंपरा आहे. वामनदादा कर्डकांची गाणी गावोगावी गायली जातात. वामनदादांचे निधन २००४ साली झाले. कायद्याप्रमाणे लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षे त्याच्या लेखनाचा हक्क टिकतो. म्हणजे त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०६४ च्या अखेरपर्यंत जिवंत आहे. विचार करा, एका गीताचे आयुष्य केवढे मोठे असते! पण तो हक्क कोणाच्या हाती राहणार, हे त्या त्या कवीने कोणत्या कागदावर सही केली यावर ठरते. कॅसेटच्या जमान्यात आपल्या किती गीतकारांनी न वाचता सह्या केल्या असतील, याचा हिशोब कोणी मांडलेला नाही. आज आपली मुले गाणी रचून मोबाइलवर टाकत आहेत. त्यांनी तरी सही करण्याआधी कागद वाचावा.

पैसे बुडाले तर

काम दिले, बिल दिले आणि पैसे येत नाहीत, असे होतेच. आधी फोन, मग लेखी स्मरणपत्र, मग पुन्हा स्मरणपत्र. आवाज न चढवता, पण तारीख घालून. तरीही पैसे आले नाहीत तर २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांविषयीचा कायदा तुमच्या मदतीला आहे. सेवा देणारा एकटा माणूसही यात सूक्ष्म उद्योग म्हणून 'उद्यम' नोंदणी करू शकतो. ही नोंदणी १ जुलै २०२० पासून आहे, ती ऑनलाइन होते आणि तिला शुल्क नाही. शुल्क मागणाऱ्या दलालाकडे जाऊ नका.

या कायद्याप्रमाणे लेखी मुदत ठरली नसेल तर काम स्वीकारल्यापासून १५ दिवसांत आणि ठरली असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे दिले पाहिजेत. न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दर महिन्याच्या चक्रवाढीने व्याज लागते. थकबाकीसाठी राज्यात नेमलेल्या परिषदेकडे ऑनलाइन तक्रार करता येते. मात्र नोंदणी काम घेण्याआधीच करून ठेवावी. पुष्कळदा तक्रारीपर्यंत जावेही लागत नाही. बिलावर उद्यम क्रमांक आणि कायद्याचा एक ओळीत उल्लेख असला की देणाऱ्याला आठवण लवकर होते.

हिशोबाच्या गोष्टी थोडक्यात सांगतो. धंद्याचे बँक खाते घरच्या खात्यापासून वेगळे ठेवा. प्रत्येक बिलाला क्रमांक द्या. मोठ्या संस्था व्यावसायिक मानधनातून साधारणतः १० टक्के कर आधीच कापतात. तुमचे उत्पन्न कराच्या मर्यादेत नसेल तर विवरणपत्र भरून ती रक्कम परत मिळवता येते. पुष्कळ मुले विवरणपत्र भरत नाहीत आणि स्वतःचे पैसे सोडून देतात. विवरणपत्रांचा पुढे कर्ज घेतानाही उपयोग होतो. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेपर्यंत सामान्यतः जीएसटीची नोंदणी लागत नाही. आपल्याला प्रॉव्हिडंट फंड कापून देणारा मालक नाही, म्हणून टपाल कचेरीत किंवा बँकेत पीपीएफ खाते उघडा. वर्षाला किमान ५०० रुपये भरले तरी ते चालू राहते. आरोग्य विमा पहिल्या वर्षीच घ्या. आणि पहिली गिऱ्हाइके मिळण्याआधी महागड्या संगणकासाठी कर्ज काढू नका.

आपल्याच घरची गोष्ट

आता जे बोलणार आहे ते विद्यार्थ्यांसाठी नाही, आपण मोठ्यांसाठी आहे. जयंती आली की मंडपवाल्याला आगाऊ रक्कम देतो, ध्वनिक्षेपकवाल्याला देतो, वाजंत्र्यांना देतो. फ्लेक्स छापणाराही पैसे घेतल्याशिवाय फ्लेक्स हातात देत नाही. पण त्या फ्लेक्सची रचना रात्रभर जागून करणारा वस्तीतला मुलगा? त्याला आपण म्हणतो, 'अरे, आपलेच काम आहे.' निमंत्रणपत्रिका, फलक, कार्यक्रमाचे चित्रीकरण, स्मरणिकेची मांडणी, सारे 'आपलेच काम.' ज्याच्याकडे सर्वांत कमी आहे, त्याच्याकडूनच आपण फुकट घेतो आणि मग त्याच मुलाच्या वडिलांना विचारतो, 'मुलगा काही कामधंदा करतो की नाही?'

दान ही आपल्याकडे मोठी गोष्ट आहे. पण देणाऱ्याने जाणून, राजीखुशीने दिले तर ते दान. त्याला न विचारता गृहीत धरले, तर त्याला दान म्हणता येत नाही. म्हणून मी एक रीत सुचवतो. कलावंताने मंडळाला काम विनामूल्य द्यायचे ठरवले तरी त्याने बिल द्यावे. बिलात पूर्ण किंमत लिहावी, खाली 'मंडळास देणगी' म्हणून तेवढीच रक्कम वजा करावी आणि देय रक्कम शून्य दाखवावी. मंडळाने ते बिल वार्षिक अहवालात देणगी म्हणून छापावे. पैसे हलणार नाहीत, पण त्या कामाची किंमत होती हे सर्वांना दिसेल. आणि वर्षातून निदान एका कामाचे पैसे मंडळाने खरोखर द्यावेत. अंदाजपत्रकात 'मंडप' या ओळीखाली 'कलावंतांचे मानधन' ही एक ओळ घालावी.

मंडळ आणखी काही करू शकते. या व्यवसायात ओळखी हेच भांडवल असते आणि आपल्या मुलांकडे तेच कमी असते. तुमच्या भागातल्या चित्रकार, छायाचित्रकार, अनुवादक, संकलक यांची एक यादी करा आणि ती आपल्या ओळखीच्या कचेऱ्यांत, शाळांत, दुकानांत द्या. समाजमंदिरातली एक खोली, दोन टेबले, वीज आणि इंटरनेट दिवसाचे काही तास उपलब्ध करा. दहा बाय दहाच्या घरात, टीव्ही आणि पाहुण्यांच्या मध्ये, विशेषतः मुलींना काम करणे किती कठीण जाते, हे आपण सारे जाणतो. मुलगी घरी बसून संगणकावर काम करते म्हणजे ती मोकळीच आहे, असे समजून तिला दर तासाला उठवू नका. ती त्या वेळी कामावर असते.

मुलांनीही एकट्याने राहू नये. पाच-सात जणांनी महिन्यातून एकदा बसावे. कोणी किती दर लावला, कोणते गिऱ्हाईक पैसे थकवते, कोणाकडे जास्त काम आले आहे, हे मोकळेपणी सांगावे. आपल्याला न झेपणारे काम दुसऱ्याला द्यावे. एकमेकांचे दर पाडून कोणीच वर येत नाही.

शेवटी

मित्रांनो, या व्यवसायात सर्वांनीच यावे असे मी म्हणणार नाही. ज्याला महिन्याच्या अनिश्चिततेने झोप लागत नाही त्याने नोकरी करावी आणि कला जोपासावी. त्यात कमीपणा काही नाही. पण ज्याला यायचे आहे त्याने चोरट्यासारखे येऊ नये. आपण व्यवसाय करतो आहोत, या भानाने यावे. कसब रोज घासावे, कामाची किंमत स्वतः मोजावी, ठरलेले लिहून घ्यावे, शब्द पाळावा आणि मिळालेल्यातले थोडे उद्यासाठी ठेवावे.

आपल्या आजोबा-पणजोबांच्या हातांतही कला होती. त्यांनी दोर वळले, चामडे कमावले, ढोल-हलगी वाजवली, गाणी रचली. त्या कामाचा मोबदला किती, हे वाटीभर धान्य पुढे करणारा ठरवीत असे. आज त्याच घरातली मुलगी संगणकावर केलेल्या कामाचे बिल स्वतः लिहिते, त्यावर स्वतःचा आकडा टाकते आणि खाली सही करते. ही लहान गोष्ट नाही. तिच्या त्या बिलाचा मान आपण सर्वांनी, आणि सर्वांत आधी आपल्या मंडळाने, राखावा, एवढी विनंती करतो.

जयभीम.